कंस न लावता

त्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये लघवी तपासलेल्या निम्म्याअधिक लोकांना दोन एप्रिल झाला होता. काहींना चार जून. थोड्यांना आठ ऑक्टोबर.

लघवीच्या रिपोर्टात पस सेल्स (इन्फेक्शन असले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) '२-४' असे लिहायची आपली जुनी रीत आहे. मायक्रोस्कोपच्या एका फील्डमध्ये दोन ते चार दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ. एनएबीएलच्या (लॅबला मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) तपासणीआधी सरांना महिन्याचा गोषवारा हवा होता, म्हणून मी एलआयएसमधून, म्हणजे लॅबच्या निकालांच्या संगणक प्रणालीतून, साध्या मजकुराची सीएसव्ही फाइल काढली आणि नेहमीप्रमाणे दोनदा टिचकी मारून उघडली. एक्सेलने मला काही न विचारता मदत केली. २-४ म्हणजे दोन एप्रिल, ४-६ म्हणजे चार जून. विडाल या टायफॉइडच्या तपासणीतला १:४० पहाटेचा एक वाजून चाळीस मिनिटे झाला. शून्याने सुरू होणाऱ्या बारकोडांची पुढची शून्ये गळून पडली. '१५-२०' मात्र जसेच्या तसे राहिले, कारण विसावा महिना एक्सेललाही सापडला नाही. म्हणजे ज्याला खरोखर इन्फेक्शन होते, त्याचाच आकडा शाबूत.

हे माझ्या एकटीचे दुखणे नाही, हे नंतर कळले. सेप्टिन नावाच्या जनुकांची 'सेप्ट' ही आद्याक्षरे एक्सेल सप्टेंबर समजत असे, 'मार्च' तर सरळ मार्चच. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६ हजार पॉझिटिव्ह रुग्ण आकडेवारीतून गळाले, कारण लॅबचे निकाल एक्सेलच्या जुन्या फाइलमध्ये भरले जात होते आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. पुढचे रुग्ण गेले, आणि गेले हे कोणाला दिसलेही नाही.

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. रविवारी जेवायला आला होता. आमटी वाढून घेता घेता त्याने लॅपटॉपकडे पाहिले आणि म्हणाला, "मावशी, तू ही फाइल एक्सेलमध्ये उघडतेसच कशाला? आर वापर ना." आर ही आकडेमोडीची मोफत संगणकभाषा.

मला राग आला. पंचवीस वर्षे झाली या धंद्यात. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून लागले तेव्हा टिळक रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये कलरीमीटर होता आणि ग्लुकोज हाताने लावत असू. तेव्हाच्या आमच्या सीनियर बाई रोज सकाळी कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो असा नमुना) लागला की आलेखाच्या कागदावर एक टिंब द्यायच्या. मधली रेघ सरासरीची, वर-खाली दोन एसडीच्या, त्याबाहेर तीनच्या. एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप. टिंब निळ्या पेनने, रेघेबाहेर गेले तर तांबड्या. कागद अप्पा बळवंत चौकातून डझनाने यायचा. बाई म्हणायच्या, "एका टिंबाकडे बघायचं नाही गं, चाल बघायची. कुठं निघालंय ते." दहा टिंबे सलग सरासरीच्या एकाच अंगाला पडली की प्रत्येक टिंब आत असूनही त्या मशीन थांबवायच्या. यालाच वेस्टगार्डचा नियम म्हणतात हे मला फार पुढे समजले.

तेव्हा डेटा सायन्स, म्हणजे आकड्यांच्या ढिगातून अर्थ काढायचे काम, आपल्याला येत नाही असे मला कोणी सांगू नये, असे वाटले. पण खरी गंमत पुढेच आहे. बाईंच्या त्या कागदाचे घराणे शोधत गेले तर ते टेलिफोनच्या कारखान्यात जाते. वॉल्टर शूहार्ट या माणसाने १९२४ साली, टेलिफोनचे भाग बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना, मालात नेहमीचा चढउतार कोणता आणि बिघाड कोणता हे ओळखायला असा तक्ता आखला. पुढच्या वर्षी त्याचे खाते बेल लॅब्जमध्ये गेले. १९५० साली लिव्ही आणि जेनिंग्ज यांनी तोच तक्ता रक्ताच्या तपासण्यांना लावला. आम्ही त्याला एलजे चार्ट म्हणतो. आणि त्याच बेल लॅब्जमध्ये १९७६ साली 'एस' नावाची आकडेशास्त्राची संगणकभाषा जन्मली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात 'आर' लिहिली. दोघांच्या नावांचे पहिले अक्षर तेच. १९९५ पासून ती सगळ्यांना खुली आहे. म्हणजे बाईंचा तांबडा पेन आणि भाच्याने मला त्या रविवारी उतरवून दिलेले आर, यांचे कुळ एकच निघाले. आमच्या आजोळी, सासवडच्या बाजूला, पराणीच्या टोकाला जो खिळा असतो त्याला आर म्हणतात. बैलाला टोचायची. मला ती टोचली ती अशी.

आर सुरू केले की पहिल्याच पडद्यावर एक घोषणा येते: हे सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि याची कसलीही हमी नाही. 'कसलीही हमी नाही' हे शब्द मोठ्या अक्षरांत. सरांना दाखवले तर ते खुर्चीत मागे रेलून हसले. "फुकट आणि वर हमी नाही. एनएबीएलच्या असेसरला काय सांगणार आहात?" सरांचे चुकत नव्हते. आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालणाऱ्या लॅबने संगणकाच्या प्रत्येक हिशेबाची पडताळणी करून ठेवायची असते. महागाच्या सॉफ्टवेअरला निदान एक विक्रेता असतो, फोन उचलणारा.

म्हणून मी ठरवले की हमी आपणच तयार करायची. कंट्रोलची वीस रीडिंग घेतली, कॅल्क्युलेटरवर हाताने एसडी काढली, ती २.०५ आली. आरमध्येही २.०५. जिवात जीव आला. भाचा पायथन या दुसऱ्या संगणकभाषेतला, त्याने तेच वीस आकडे आपल्याकडे घातले आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "माझ्याकडे २.०० येतंय, मावशी. तुझ्या आरचं काहीतरी बिनसलंय."

पाच शतांश म्हणजे काही मोठे नाही असे वाटेल. पण एसडी लहान झाली की रेघा आत सरकतात, टिंबे बाहेर पडू लागतात, तपासण्यांचा चांगला रन (एक फेरी) नाकारला जातो, रिएजंट (तपासणीचे रसायन) वाया जातो. आणि मुख्य म्हणजे, एकाच रक्ताचे दोन आकडे आले की मला झोप लागत नाही. ही सवय नोकरीने लावलेली आहे.

तेव्हा भाच्याने एक युक्ती दाखवली. आरमध्ये एखादे फंक्शन चालवायचे तर नावापुढे कंस उघडून त्यात आकडे द्यायचे. कंस न लावता नुसते नाव टाकले आणि एंटर दाबले, तर ते फंक्शन चालत नाही. आपले पोट उघडून दाखवते. मी 'एसडी' एवढेच टाकले. तीन ओळी आल्या. व्हेरियन्स (एसडीचा वर्ग) काढ, त्याचे वर्गमूळ घे. बस. मग व्हेरियन्सचे पान उघडून वाचले: भागाकार एन वजा एकने. त्याच्या पायथनमधल्या नमपाय या जोडणीचे पान वाचले: काही सांगितले नाही तर भागाकार एनने. वीसने भागा नाहीतर एकोणीसने. २.०० आणि २.०५. त्याच पायथनमधल्या पांडास या दुसऱ्या जोडणीत तीच एसडी एन वजा एकने निघते, हे त्यालाही त्या दिवशीच समजले. थोडा वेळ तो गप्प होता. दुसऱ्यांदा आमटी घेतली नाही.

मला तो क्षण फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे एका अॅनालायझरसोबत आलेले क्यूसीचे (गुणवत्ता नियंत्रणाचे) सॉफ्टवेअर होते. त्याची एसडी आमच्या वहीशी कधी जुळायची नाही. कंपनीला मेल केली. "आमची पद्धत मान्यताप्राप्त आहे" असे उत्तर आले. कोणते सूत्र, ते नाही. पुन्हा मेल केली. इंजिनियर आला, चहा घेतला, मशीनची लायनी साफ केली आणि गेला. सूत्र तेव्हाही समजले नाही आणि आजही नाही. पैसे दिलेल्या वस्तूचे झाकण बंद आणि फुकटच्या वस्तूचे झाकण नुसते नाव घेतले की उघडते. ओपन सोर्स म्हणजे मोफत असा अर्थ मी बरीच वर्षे धरून होते. मोफत ही त्यातली सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे.

आमच्या कामाचा धर्मही हाच की. कोणता लॉट, कोणते कॅलिब्रेशन, रन कोणी लावला, रिपीट का केले, सगळ्याचा माग ठेवायचा. एक्सेलमध्ये मी आज काय ओढले, काय खोडले, कुठल्या रकान्यात काय चिकटवले, ते उद्या मलाच आठवत नाही. आरमधली स्क्रिप्ट म्हणजे एसओपी, लॅबची लेखी कार्यपद्धती आहे. ओळीने लिहिलेली, कोणीही पुन्हा चालवली तरी तोच निकाल देणारी. हे पटले तेव्हा ती परकी भाषा एकदम ओळखीची वाटायला लागली.

आता पोटॅशियमची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय बाकीचे सगळे पोकळ वाटेल.

आम्हाला शहरभरातून सॅम्पल येतात. कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात, मुलगा पेटी घेऊन दुचाकीवरून सगळीकडे फिरतो आणि दुपारपर्यंत टिळक रोडला पोहोचतो. पोटॅशियम वाढलेले आले की आमचा ठरलेला मार्ग: आधी हिमोलिसिस बघायचे. पेशी फुटल्या असतील तर आतले पोटॅशियम सिरममध्ये, म्हणजे पेशी सोडून उरलेल्या पिवळसर पाण्यात, येते. सिरम लालसर दिसते, मशीनही हिमोलिसिसचा इंडेक्स देते. इंडेक्स चांगला असेल तर रिपीट लावायचे, तेच आले तर डॉक्टरांना फोन. आम्ही हे सगळे नियमाने करत होतो. कुठेही कसूर नव्हती.

स्क्रिप्ट लिहायचा सराव म्हणून मी तीन महिन्यांचे पोटॅशियम सेंटरवार मांडले. आलेखात प्रत्येक सेंटरचा एक डबा, डब्यात मधल्या निकालाची रेघ. डबे बहुतेक एका ओळीत बसले होते, दसऱ्याला मांडलेल्या भांड्यांसारखे. एक डबा वर. वाघोलीच्या बाजूचे सेंटर. फार वर नाही. एकेक रिपोर्ट बघताना तो फरक कोणाच्याही डोळ्यांत आला नसता, आणि आम्ही तर रोज एकेकच रिपोर्ट बघतो. रोज हजारो आकडे हातातून जातात, एकेक करून, सही होऊन. सगळे एकत्र कोणी बघतच नाही.

मला आधी त्या सेंटरच्या सिस्टरचाच संशय आला. टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) जास्त वेळ आवळत असतील, मूठ उघडझाप करायला लावत असतील. पण इंडेक्स सरळ होता, सोडियमही बाकीच्यांसारखे. मग रक्त घेतल्यापासून आमच्याकडे पोहोचेपर्यंत गेलेले तास आडव्या अक्षावर घातले आणि पोटॅशियम उभ्यावर. ठिपके उजवीकडे चढत गेले. जितका उशीर, तितके पोटॅशियम जास्त.

तिथे जाऊन बघितले. जागा लहान. रक्त गरगर फिरवून पेशी आणि सिरम वेगळे करणारे सेंट्रिफ्यूज दोन महिने बंद, कोपऱ्यात झाकून ठेवलेले. पिवळ्या टोपीच्या ट्यूबा न फिरवताच बर्फाच्या जेलपॅकवर आडव्या ठेवलेल्या, आणि नगर रोडचे ट्रॅफिक पार करून पेटी यायला चार-पाच तास. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट असते. ते आत कोंडून ठेवायला पेशीच्या भिंतीतला पंप सारखा चालावा लागतो. थंडीत तो मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. पेशी फुटत नाही, सिरम लाल होत नाही, इंडेक्स काही बोलत नाही. पाठ्यपुस्तकात हे सगळे आहे. मी स्वतः मुलांना शिकवलेले आहे.

मी जरा चढ्या आवाजातच विचारले, "न फिरवलेलं सॅम्पल बर्फावर का ठेवता?" सिस्टर शांतपणे उठल्या आणि भिंतीवरचा लॅमिनेट केलेला कागद दाखवला. 'सर्व सॅम्पल २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवून पाठवावीत.' खाली आमच्या लॅबचा शिक्का. त्याखाली तयार करणाऱ्याची सही. माझी.

त्या सेंटरमधून येणाऱ्या एका आजोबांचे पोटॅशियम आम्ही ५.९ कळवले होते. नियमाने, फोन करून, वेळ नोंदवून. ते प्रेशरसाठी टेल्मिसार्टन घ्यायचे. त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकते, म्हणून डॉक्टरांनी गोळी थांबवली. डॉक्टरांनी बरोबरच केले. पंधरा दिवसांनी दुसरीकडे तपासले तर ४.४. मी आजोबांना फोन केला, चूक आमची होती असे सांगितले. ते म्हणाले, "असू द्या ताई, होतं असं मशीनचं." मशीनचे नव्हते. मशीनने त्या ट्यूबमध्ये जेवढे पोटॅशियम होते तेवढे अगदी बरोबर मोजले होते. पण फोनवर मला तेवढे बोलवले नाही.

कागद बदलला. आता 'आधी फिरवा' ही पहिली ओळ आहे आणि सेंट्रिफ्यूज बंद असेल तर पोटॅशियमचे सॅम्पल घ्यायचेच नाही. डबा पुढच्या महिन्यात खाली आला. हे करायला लागलेली स्क्रिप्ट बावीस ओळींची आहे.

एवढे झाल्यावर माणूस जरा फुशारतो. मीही फुशारले. मला वाटले, आता पुण्याची स्वतःची नॉर्मल रेंज काढू. आपल्या रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेली रेंज बहुधा किटच्या कागदातून येते आणि ती कुठल्या गावच्या माणसांवर काढलेली, हे त्याच कागदावर बारीक अक्षरांत असते. स्वतःची काढायची तर मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की किमान १२० निरोगी माणसे घ्या आणि मधला ९५ टक्के पट्टा धरा. शंभरात पाच निरोगी माणसे पट्ट्याबाहेर राहणार हे त्यातच ठरलेले. म्हणून वीस वेगवेगळ्या तपासण्यांचे पॅकेज केले तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्के असते. आरमध्ये ही एका ओळीची आकडेमोड आहे. फुल बॉडी चेकअपच्या जाहिरातीत ही ओळ मी अजून पाहिलेली नाही.

१२० निरोगी माणसे शोधण्यापेक्षा लॅबमध्ये आधीच पडलेल्या हजारो निकालांतून निरोगी लोकांचा ढीग वेगळा काढायची वाटही आहे, आणि तिच्यात एक बंगाली नाव लागते. सी. जी. भट्टाचार्य यांनी १९६७ साली मिसळलेल्या ढिगाऱ्यातून घंटेच्या आकाराचे ढीग वेगळे करायची साधी रीत मांडली. मासे मोजणाऱ्यांनी ती उचलली: जाळ्यात आलेल्या माशांच्या लांबीवरून यंदाची पिल्ले कोणती आणि गेल्या वर्षीची कोणती हे त्यातून ठरवतात. रक्त तपासणाऱ्यांनीही तीच वापरली. अलीकडे, २०२१ पासून, आरमध्ये 'रिफायनर' नावाचे पॅकेज (आरला जोडायचा तयार कोड) याच कामासाठी फुकट मिळते आणि एका बाजूला झुकलेले ढीगही सांभाळते. थायरॉइडच्या टीएसएचसारख्या तपासणीला ते लागतेच.

टीएसएच घातले आणि लगेच ठेच लागली. पडद्यावर तांबड्या अक्षरांत इशारा: आकड्यात बदलताना काही जागा रिकाम्या झाल्या. शोधले तर त्या जागी '०.०१ पेक्षा कमी' अशी चिन्हासकट नोंद होती. चिन्ह आले की तो आकडा राहत नाही, शब्द होतो, आणि शब्द गाळले जातात. ज्यांचे थायरॉइड सगळ्यात बिघडलेले, तीच माणसे हिशेबातून गायब. इंग्लंडातल्या त्या रुग्णांसारखी; पण आरने निदान ओरडून सांगितले. त्या नोंदी दुरुस्त करून पुन्हा चालवले तर आमची रेंज किटच्या जवळपासच निघाली. खोटे कशाला बोलू, थोडा हिरमोडच झाला.

मग ड जीवनसत्त्व घातले. रेंज आली ती इतकी खाली की सरांनी चष्मा काढला. "म्हणजे कमतरता हीच नॉर्मल म्हणायची का आपण?" बरोबर विचारले. ही रीत धरून चालते की ढिगातली बहुतेक माणसे निरोगी आहेत. ऑफिसातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात जाणाऱ्या शहराबद्दल ते धरता येत नाही. बायकांच्या हिमोग्लोबिनचेही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. त्या ढिगातून पॅकेज निमूट एक 'नॉर्मल' काढून देईल, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि पुढची कितीतरी वर्षे थकलेल्या बायकांना रिपोर्ट सांगेल की तुम्ही ठीक आहात. ती फाइल मी ठेवली नाही. नेहमीचे आणि निरोगी यांतला फरक कोडमध्ये लिहिलेला नसतो, तो कोणीतरी खुर्चीत बसून सांगावा लागतो. चष्मा काढून सांगितला तरी चालतो.

शिकायचे कुठे, असे लॅबमधली मुले विचारतात. मी स्वतः 'स्वर्ल'वर शिकले. ते आरच्या आतच चालते, प्रश्न विचारते, चुकले तर पुन्हा विचारते. चांगल्या मास्तरांसारखे, पण न ओरडता. इंग्रजीचा धाक असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहे. मोफत सॉफ्टवेअरचे लहान लहान धडे, त्यातले बरेच मराठी आवाजात. नवे मशीन आले की जुन्याशी तुलना करायला आरचे 'एमसीआर' पॅकेज आहे, त्यात डेमिंग आणि पासिंग-बाब्लॉक या तुलनेच्या दोन्ही रीती आयत्या मिळतात. मायक्रोबायोलॉजीच्या मुली 'एएमआर' पॅकेजवर अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते याचा तक्ता, काढायला शिकताहेत. हिस्टोवाल्यांना (शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्यांना) स्लाइडवरच्या पेशी मोजायला बेलफास्टमध्ये तयार झालेले क्यूपाथ हे सॉफ्टवेअर. सगळे एकदम उतरवून घेऊ नये असे माझे मत. दिवाळीच्या फराळासारखे होते, चव कशाचीच लागत नाही.

आणि सराव रुग्णांच्या खऱ्या फाइलवर करू नये. मी सुरुवातीला केला, ती चूक होती. आता नाव, फोन, पत्ता काढून टाकल्याशिवाय फाइल एलआयएसच्या बाहेर येत नाही, आणि वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा झाल्यापासून सरही त्याबाबतीत कडक आहेत. पण नुसते नाव काढून पुण्यात भागत नाही. ९६ वर्षांच्या, सदाशिव पेठेतल्या, दर सोमवारी शुगर तपासणाऱ्या बाई म्हटले की आमचा चहावालाही नाव सांगेल. सरावाला अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातला, ओळख पुसलेला 'मिमिक' हा संच मिळतो. त्यात लॅबचे निकाल ढिगाने आहेत. तो उघडण्याआधी रुग्णांच्या गोपनीयतेचा एक अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र द्यावे लागते. मला ते फार आवडले. आकडे हातात देण्याआधी ते माणसांचे आहेत याची परीक्षा.

गेल्या आठवड्यात ईएसआरच्या, म्हणजे रक्तपेशी खाली बसण्याच्या वेगाच्या, आकड्यांचा आलेख काढला. ही तपासणी आमच्याकडे अजून वेस्टरग्रेनच्या नळीत हाताने लावतात. तासाभराने रक्त किती मिलिमीटर खाली बसले ते डोळ्याने वाचायचे. आलेख आला तो कंगव्यासारखा. दहावर उंच दात, पंधरावर, वीसवर, पंचवीसवर. मध्ये फटी. लोकांचे रक्त काही पाच-पाचच्या उड्या मारत बसत नाही.

ईएसआर आमच्या लॅबमधले काका लावतात. येत्या मेमध्ये रिटायर होणार. प्रत्येक नोंदीशेजारी एलआयएस वाचणाऱ्याचा कोड ठेवते. कोणाचा कंगवा किती दाट हे काढायला एकच ओळ जास्त लागली असती. ती मी लिहिली नाही. पण पडदा बंद करायच्या आत काका मागे येऊन उभे राहिले होते.

"हे काय काढलंस?"

"ईएसआर. तीन महिन्यांचं."

बराच वेळ त्यांनी बघितले. बोट पडद्यापासून चार इंचांवर धरून दात मोजले. "मधले कुठं गेले गं?" मी काही बोलले नाही. मग म्हणाले, "माझं एकट्याचं निघतं का यात?"

"निघतं. काढू?"

"नको," म्हणाले, आणि गेले.

साडेबाराला तास भरल्याची घंटी वाजली. काकांनी रॅक उचलून खिडकीशी, उजेडात नेली. चष्मा कपाळावर सरकवला आणि गुडघे वाकवून नळीच्या बरोबर समोर डोळा आणला. "लिहून घे," म्हणाले. मी पेन उघडले. "पहिली... थांब. बावीस. नाही. तेवीस."